लांझारोते: लाव्हातून जाणारी सायकलफेरी आणि वाऱ्याचे गणित

धागाकर्ता: चाकोरी

कॅनरी बेटांपैकी लांझारोते या बेटावर सायकल चालवण्याविषयी इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा एखादा नकाशा व किलोमीटरचा आकडा दिला जातो. माझे मत असे आहे की या बेटावर फेरी आखताना आधी वारा पाहावा आणि मग नकाशा उघडावा. तिथली शेती, तिथली घरे, दगडावरची वनस्पती हे सारे वाऱ्याच्या हिशेबाने मांडलेले आहे, आणि सायकलस्वाराने तो हिशेब समजून घेतला तर फेरी सुखाची तर होतेच, शिवाय समोर दिसणाऱ्या भूमीचा अर्थही लागत जातो.

लांझारोते हा स्पेनचा भाग असला तरी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे. बेटाची लांबी साधारण 60 किलोमीटर आहे आणि सर्वांत उंच ठिकाण अवघे 671 मीटर उंचीचे आहे. याच द्वीपसमूहातल्या तेनेरीफे बेटावर तेइदे हा 3,715 मीटरचा पर्वत उभा असल्यामुळे तिथे ढग अडतात आणि डोंगराच्या एका अंगाला दाट हिरवाई दिसते. लांझारोतेला तसा अडसर नाही. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बेटावरून सरळ निघून जातात, वर्षाकाठी पाऊस सुमारे 150 मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात वाऱ्याचा जोर सर्वाधिक असतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सायकलीसाठी मला अधिक योग्य वाटतो.

आता ज्या भूमीतून जायचे तिच्याविषयी. 1 सप्टेंबर 1730 रोजी रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली आणि उद्रेक सुरू झाला. तो 16 एप्रिल 1736 पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, टप्प्याटप्प्याने चालला आणि बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हाखाली गेला. त्यात गावेही गेली आणि बेटावरची उत्तम पिकाऊ जमीनही गेली. याइसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेंझो कुर्बेलो यांनी या काळाची टिपणे ठेवली होती. जर्मन भूशास्त्रज्ञ लिओपोल्ड फॉन बुख यांनी ती पुढे प्रसिद्ध केली, त्यामुळे ती जगाला ठाऊक झाली. कुर्बेलो यांना अखेर आपल्या गावकऱ्यांसह ग्रान कनारिया बेटावर आश्रय घ्यावा लागला. त्यानंतर 1824 मध्ये पुन्हा एक लहान उद्रेक झाला. या प्रदेशाचा गाभा 1974 पासून तिमानफाया राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे आणि उद्यानाचे क्षेत्र सुमारे 51 चौरस किलोमीटर आहे.

मी सुचवतो ती फेरी याच याइसा गावातून सुरू होते. एलझेड-67 या रस्त्याने उत्तरेला निघावे, तिमानफायाच्या लाव्हातून मांचा ब्लांका गाठावे, तिनाहो आणि तिआग्वा या गावांतून मोसागाला यावे आणि तिथून एलझेड-30 ने ला हेरियाच्या द्राक्षमळ्यांतून उगा आणि परत याइसा करावे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होणारी ही फेरी आहे आणि तिची दिशा मी जाणीवपूर्वक निवडली आहे. सकाळी वारा तुलनेने कमी असतो, त्या वेळात समोरून वारा घेणारा भाग उरकावा. दुपारी वारा वाढला की तो ला हेरियाच्या रस्त्यावर पाठीशी राहतो. दुसरे कारण वाहनांचे आहे. उद्यानाच्या फाटकापाशी सकाळी उशिरापासून पर्यटकांच्या बस आणि भाड्याच्या मोटारींची रांग लागते, म्हणून तो टप्पा त्याआधी ओलांडलेला बरा. तिसरे कारण असे की स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याला डाव्या बाजूची सवय असते आणि या दिशेने गेल्यास मुख्य वळणे उजवीकडची येतात, त्यामुळे समोरून येणारी वाहने ओलांडून वळण्याची वेळ फार कमी येते.

याइसा सोडल्यावर चढ लागतो. तो लांब आहे, पण उभा नाही. एका ठिकाणी शेती संपते आणि लाव्हा सुरू होतो, आणि ही हद्द इतकी स्पष्ट आहे की सायकलचे पुढचे चाक लाव्हात आणि मागचे चाक अजून शेताच्या बाजूला असा क्षण येतो. मोटारीतून ही हद्द लक्षातही येत नाही. तिथे रस्त्याच्या कडेला थांबायला जागा मिळाली तर दगडांकडे जवळून पाहावे. लाव्हाची ढेकळे धारदार आणि खरबरीत असतात, आणि त्यांच्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचे दगडफूल वाढलेले असते. हे दगडफूल दगडाच्या सर्व बाजूंना सारखे नसते. ज्या बाजूला समुद्रावरून येणारा दमट वारा लागतो त्या उत्तरेकडच्या बाजूला ते दाट असते आणि दुसऱ्या बाजूला दगड बराच काळा राहतो. त्यामुळे उत्तरेला जाताना समोरचा लाव्हा काळा दिसतो आणि मागे वळून पाहिले की तोच लाव्हा करडा दिसतो.

उद्यानाच्या आत, इस्लोते दे इलारिओ या ठिकाणी जमिनीत काही मीटर खाली आजही शेकडो अंश तापमान आहे. तिथे खड्ड्यात टाकलेली वाळकी झुडपे पेट घेतात आणि नळीत ओतलेले पाणी वाफेच्या फवाऱ्यासारखे वर उसळते. ज्वालामुखींमधून जाणारा चौदा किलोमीटरचा आतला रस्ता मात्र केवळ उद्यानाच्या बसने पाहता येतो, तिथे सायकल चालत नाही. तो भाग वेगळ्या दिवशी पाहावा. रस्ता सोडून लाव्हावर पाय ठेवणे आणि दगड उचलून नेणे दोन्हीला मनाई आहे, आणि तीनशे वर्षांनंतरही ज्या जमिनीवर दगडफुलापलीकडे फारसे काही रुजलेले नाही तिथे हा नियम मला पूर्णपणे रास्त वाटतो.

मांचा ब्लांका हे गाव लहान आहे, पण तिथल्या दुःखी मातेच्या देवळापाशी जरूर थांबावे. लाव्हा गावाच्या वेशीपर्यंत आला आणि गावकऱ्यांच्या प्रार्थनेनंतर तिथेच थांबला अशी श्रद्धा आहे, आणि दर सप्टेंबरमध्ये बेटभरातून लोक इथे पायी येतात. गावाच्या कडेला लाव्हाची थांबलेली भिंत दिसते, तेव्हा त्या श्रद्धेमागची भीती समजते.

मोसागापाशी सेसार मान्रिके यांनी 1968 मध्ये उभारलेले शेतकऱ्याचे पांढरे स्मारक आहे. मान्रिके (1919–1992) हे अरेसिफेत जन्मलेले चित्रकार आणि शिल्पकार होते. बेटावर उंच इमारती येऊ नयेत, घरे पांढरी राहावीत आणि रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक लागू नयेत यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. सायकलवर त्यांचे ऋण विशेष जाणवते, कारण मैलोन् मैल नजरेच्या आड काही येत नाही.

आणि मग ला हेरिया. इथे उद्रेकातून उडालेल्या काळ्या, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या सच्छिद्र खडीचा जाड थर जुन्या मातीवर बसला आहे. शेतकऱ्यांनी त्या खडीत शंकूच्या आकाराचे खड्डे खणले, कधी दोन-तीन मीटर खोल, आणि तळाशी माती लागली की तिथे द्राक्षाची वेल लावली. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर दगडांचा अर्धवर्तुळाकार गडगा रचलेला आहे, त्यात चुना किंवा सिमेंट काही नाही. हे गडगे नेहमी वाऱ्याच्या बाजूला असतात आणि त्यांचे उघडे तोंड आडोशाकडे असते. या रस्त्याने नैर्ऋत्येला उतरत असताना गडग्यांच्या पाठी आपल्याही पाठीकडे आहेत हे ध्यानात आले की फेरीची दिशा बरोबर निवडली याची खात्री पटते.

ज्यांच्या पायांत जोर शिल्लक असेल त्यांनी याइसाहून एल गोल्फो, लोस एर्विदेरोस आणि हानुबिओची मिठागरे अशी आणखी सुमारे पंचवीस किलोमीटरची जोडफेरी करावी. एल गोल्फोला समुद्राने अर्धा कापून नेलेला ज्वालामुखी आणि त्याच्या पोटातले हिरवे तळे आहे, तर लोस एर्विदेरोसला लाव्हाच्या कपारींतून लाटा वर उसळतात.

नियमांविषयी थोडक्यात: स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे आणि सायकलला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. माझा अनुभव असा की हा दुसरा नियम तिथे पाळला जातो. बेटावर 1992 पासून पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी आयर्नमन स्पर्धा होते, तिच्या सायकलच्या टप्प्याचे 180 किलोमीटर याच रस्त्यांवरून जातात आणि वर्षभर सराव करणारे सायकलस्वार इथे दिसतात. त्यामुळे चालकांना सायकलची सवय आहे.

काळा कातळ:

उत्तम धागा. भूशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला या बेटावर एक वेगळीच संधी मिळते.

आपला दख्खनचा पठारी प्रदेशही लाव्हाचाच आहे आणि खडकाची जातही तीच, म्हणजे बेसाल्ट. फरक वयाचा आहे. दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झाले, तर तिमानफायाचा लाव्हा शिवाजी महाराजांच्या निधनानंतर पन्नास वर्षांनी वाहू लागला. घाटात आपण जे कातळाचे एकावर एक थर पाहतो त्यांतला प्रत्येक थर कधीतरी अशीच उघडी, तापलेली जमीन होता. त्याचा वरचा पृष्ठभाग झिजून गेला, माती झाली किंवा पुढच्या थराखाली दबला. लांझारोतेला तो पृष्ठभाग जसाच्या तसा समोर असतो. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला गुळगुळीत लाव्हा आणि ढेकळांचा खरबरीत लाव्हा हे दोन्ही प्रकार दख्खनमध्येही आहेत, पण ते ओळखायला आपल्याकडे सराव लागतो. तिथे ते शाळकरी मुलालाही ओळखता येतील.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लाव्हातून वायू निसटताना खडकात छिद्रे राहतात. दख्खनच्या खडकातली अशी छिद्रे कोट्यवधी वर्षांत खनिजांनी भरली, म्हणूनच आपल्याकडे विहीर खणताना किंवा खाणीत स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी पांढरी, हिरवट स्फटिके सापडतात. तिमानफायाच्या खडकातली छिद्रे अजून रिकामी आहेत. उलट काही लाव्हात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवे कण ताजे दिसतात. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा बदलून गेलेले असतात.

धागाकर्त्याने तिनाहोमार्गे मोठी फेरी दिली आहे. मी मांचा ब्लांकाहून एलझेड-56 हा रस्ता धरण्याची शिफारस करीन. तो थेट ला हेरियाच्या रस्त्याला जाऊन मिळतो आणि वाटेत काल्देरा दे लोस कुएर्वोस लागते. 1730 च्या उद्रेकातला तो पहिला ज्वालामुखी आहे. त्याची एक भिंत ढासळलेली असल्याने पायवाटेने थेट मुखाच्या आत जाता येते. पायवाटेवर सायकल नेऊ नये, ती वाहनतळाजवळ कुलूप लावून ठेवावी.

सावकाश:

चाकोरी, तुमचे लेखन वाचून जाण्याची इच्छा प्रबळ झाली. माझे वय साठीच्या पुढे आहे, पुण्यात हायब्रीड सायकल रोज चालवतो, परंतु घाट फारसे केलेले नाहीत. मला ही फेरी झेपेल का? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? सौभाग्यवतीही सोबत असतील आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

चाकोरी:

सावकाश, नमस्कार. रोजची सवय असेल तर फेरी नक्की झेपेल, मात्र काळा कातळ यांनी सुचवलेला एलझेड-56 चा छोटा मार्ग आपण घ्यावा. त्यात तिनाहो ते मोसागा हा भाग गळतो. अंतर कमी होते हा एक फायदा, आणि त्या भागात वारा डाव्या खांद्यावर आडवा लागतो, तोही टळतो.

सायकल तिथेच भाड्याने घ्यावी. पुएर्तो देल कार्मेन आणि कोस्ता तेगिसे या दोन्ही ठिकाणी दुकाने आहेत आणि विजेच्या सायकलीही मिळतात. आपल्या वयाला आणि त्या वाऱ्याला विजेची सायकल हा उत्तम पर्याय आहे, ती घेण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. बॅटरीचा हिशेब मात्र चढावर करू नये, समोरच्या वाऱ्यावर करावा. सपाट रस्त्यावर समोरून जोराचा वारा असताना बॅटरी चढाइतकीच, कधी त्याहून अधिक खर्च होते. रोड बाईक घेणाऱ्यांनी उंच कडांची चाके टाळावीत. दोन ज्वालामुखींच्या मधल्या मोकळ्या जागेत अचानक आडवा झोत येतो आणि अशी चाके बाजूला ओढली जातात.

पाणी याइसातच भरून घ्यावे. लाव्हाच्या भागात सावली नाही, नळ नाही आणि दुकानही नाही. हवा थंड लागते म्हणून ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

जेवणाची काळजी नसावी. मिठाच्या पाण्यात साल सुरकुतेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे आणि त्यासोबत मोहो हा लसूण-मिरचीचा किंवा लसूण-कोथिंबिरीचा रस्सा जवळजवळ सगळीकडे मिळतो. बकरीच्या दुधाचे चीज चांगले असते. मसुराच्या रश्श्यात मात्र पुष्कळदा मांस घातलेले असते, ते आधी विचारावे. कॅनरी बेटे शेंगेन क्षेत्रात येत असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना नेहमीचा शेंगेन व्हिसा पुरतो.

उत्तरवारा:

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यातून सुटका म्हणून आमचा सायकलगट लांझारोतेला जात असतो. धाग्यातली बहुतेक माहिती मला पटली, पण दिशेविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

मी ही फेरी उलट करते. सकाळी उगाहून ला हेरियाच्या रस्त्याने चढत जायचे, मोसागा-तिनाहो करायचे आणि दुपारी तिमानफायातून दक्षिणेला याइसाकडे उतरायचे. कारण सरळ आहे. या बेटाचा सर्वांत भव्य भाग तिमानफाया आहे आणि तो फेरीच्या सुरुवातीला संपवून टाकणे मला पटत नाही. उतारावर वारा पाठीशी असतो, समोर याइसामागचे डोंगर आणि उजवीकडे अग्निपर्वतांची रांग असते. दुपारी चारनंतर बस गेलेल्या असतात, रस्ता जवळपास रिकामा होतो. ला हेरियात समोरून वारा लागतो हे खरे, पण तिथले रस्त्याकडेचे डोंगर आणि गडगे थोडा आडोसा देतात. शिवाय हिवाळ्यात तिथे उजाडायलाच पावणेआठ वाजतात. इतक्या लवकर तिमानफाया ओलांडायचे म्हणजे अंधारात निघावे लागते.

चाकोरी:

उत्तरवारा, आपला मुद्दा वजनदार आहे आणि चारनंतर रस्ता रिकामा होतो हे मलाही मान्य आहे. तरीही दोन गोष्टी सांगतो.

पहिली प्रकाशाची. अग्निपर्वत एलझेड-67 च्या पश्चिमेला आहेत. सकाळचे ऊन त्यांच्या रस्त्याकडच्या उतारांवर पडते आणि तांबडा, गेरूसारखा, पिवळसर, जांभळट काळा असे रंग सुटे सुटे दिसतात. दुपारनंतर सूर्य त्यांच्या मागे जातो आणि पुष्कळदा नुसत्या आकृत्या उरतात. ज्याला तो प्रदेश पाहायचा आहे त्याच्यासाठी सकाळ अधिक मोलाची आहे.

दुसरी गोष्ट आडोशाची. ला हेरियात गडगे आहेत, पण ते वेलीच्या उंचीचे आहेत. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला त्यांचा उपयोग होत नाही, आणि मोसागाच्या बाजूला मैदान मोकळे होत जाते तिथे वारा पूर्ण जोराने लागतो. आपला गट आहे, एकामागे एक राहून वारा वाटून घेता येतो. एकट्या-दुकट्याने जाणाऱ्याला ते शक्य नसते. म्हणून मी असे म्हणेन की सरावलेल्या गटाने आपली दिशा घ्यावी आणि दोघांनी किंवा एकट्याने माझी.

हिवाळ्यातल्या उजाडण्याविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. मात्र उजाडताच निघाले तरी बसची गर्दी सुरू होण्यापूर्वी फाटक मागे टाकता येते. त्यासाठी मुक्काम याइसा किंवा उगा परिसरात हवा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून सायकलने यायचे ठरवले तर ते जमणार नाही.

उत्तरवारा:

प्रकाशाचा मुद्दा मान्य. मुक्कामाचा विचार मी केला नव्हता, कारण आम्ही नेहमी किनाऱ्यावरच राहतो. गट आणि एकटे असा भेद केलात तो योग्य वाटतो.

उत्तर भागाबद्दलही लिहिते, कारण तो राहून गेला आहे. अरिएतापासून ताबायेस्कोमार्गे आरियापर्यंतचा चढ हा बेटावरचा सर्वांत सुंदर चढ आहे असे आमच्या गटातील सर्वांचे मत आहे. तो संथ, एकसारखा आणि वाहनांपासून बराच मोकळा आहे, आणि वर आरियाच्या खोऱ्यात एकदम खजुराची झाडे दिसू लागतात. तिथून पुढे मिरादोर देल रिओला जावे. सुमारे पावणेपाचशे मीटर उंच कड्याच्या टोकावर मान्रिके यांनी डोंगरातच दडवलेली ही वास्तू 1973 मध्ये खुली झाली, आणि खाली समुद्रापलीकडे ला ग्रासिओसा बेट दिसते. परतीला ओर्सोलाच्या बाजूने उतरल्यास ला कोरोना ज्वालामुखीचा लाव्हा लागतो. तो तिमानफायापेक्षा कितीतरी जुना असल्याने त्यावर झुडपे वाढली आहेत. त्याच्या पोटातून सहा किलोमीटरहून लांब लाव्हानळी गेली आहे आणि तिचे टोक समुद्राखाली आहे. खामेओस देल आग्वा आणि कुएवा दे लोस वेर्देस ही दोन्ही प्रसिद्ध स्थळे त्याच नळीचे भाग आहेत. दक्षिण आणि उत्तर फेरी एकाच दिवसात जोडण्याचा मोह टाळावा.

द्राक्षबाग:

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष उत्पादक आहे. सायकलशी माझा संबंध मळ्यापुरताच, पण धाग्यातले ला हेरियाचे वर्णन वाचून काही प्रश्न पडले ते विचारतो.

एक, दीडशे मिलिमीटर पावसात, ठिबक नसताना वेल जगते कशी? आमच्याकडे त्याच्या कित्येक पट पाऊस होऊनही उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणावे लागतात. दोन, तिथे कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे कोणत्या मुळाच्या वेलीवर, करतात? आम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, कारण क्षार आणि पाण्याचा ताण त्याला सोसतो. तीन, छाटणी कशी आणि किती वेळा होते?

चाकोरी:

द्राक्षबाग, आपण विचारलेत हे फार चांगले झाले.

काळी खडी हे तिथले आच्छादन आहे. आपल्याकडे उसाचे पाचट किंवा प्लास्टिकचा कागद जे काम करतो तेच ती करते, पण कायमस्वरूपी. ती सच्छिद्र असल्याने पडलेला पाऊस लगेच खाली मातीत जातो, वरचा थर कोरडा राहून खालच्या ओलीचे बाष्पीभवन थांबवतो, आणि रात्रीच्या दमट वाऱ्यातले दवही खडी धरून ठेवते. बेटाच्या इतर भागांत निसर्गाने असा थर दिला नाही, तिथे शेतकऱ्यांनी ही खडी गाढवांवर, उंटांवर वाहून आणून शेतात साधारण 10 ते 15 सेंटीमीटर पसरली. कांदा, मसूर अशी पिके त्यावर घेतली जातात. काही वर्षांनी खडीत माती मिसळली की तिचा गुण कमी होतो आणि थर बदलावा लागतो. उद्रेकाने ज्यांची शेते बुडवली त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी उद्रेकातूनच शेतीची ही रीत काढली, आणि मला या बेटावर सर्वाधिक आदर याच गोष्टीचा वाटतो.

खुंटाबद्दल: फायलोक्झेरा ही मुळावरची कीड 2025 मध्ये तेनेरीफेवर आढळेपर्यंत कॅनरी बेटांवर पोहोचली नव्हती, त्यामुळे तिथल्या वेली कलमाशिवाय स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मुख्य वाण माल्वासिया वोल्कानिका हा पांढरा द्राक्षवाण आहे.

छाटणी हिवाळ्यात होते आणि वर्षाला एकच पीक येते. आपल्याकडची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दुहेरी पद्धत तिथे नाही, कारण तिथल्या वेलीला हिवाळ्याची विश्रांती मिळते. मांडव नाही, वाय आकाराचे तारांचे साचे नाहीत. वेल खड्ड्यात जमिनीलगत पसरते. एका खड्ड्यात एकच, फार तर दोन वेली असल्यामुळे एकरी उत्पादन आपल्या मानाने अगदी अल्प येते. यंत्र आत जाऊच शकत नाही, सारे काम हाताने होते. तोडणी जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, युरोपात सर्वांत आधी होणाऱ्या तोडण्यांपैकी असते. 1775 मध्ये स्थापन झालेली एल ग्रिफो ही वाइनरी एलझेड-30 वरच मास्दाचेजवळ आहे आणि तिथे जुनी अवजारे, दाबयंत्रे मांडून ठेवली आहेत. आपण गेलात तर सायकल नसली तरी चालेल, पण ते अवश्य पाहावे.

द्राक्षबाग:

मनापासून आभार. स्वमुळावरची जुनी वेल पाहायला मिळणे हीच आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. वाऱ्याच्या बाजूला गडगा ही कल्पना डोक्यात राहिली. आमच्याकडे बागेच्या कडेला शेवरी किंवा सुरू लावतात तेही त्याचसाठी, मात्र प्रत्येक वेलीला स्वतःची भिंत हा कष्टाचा वेगळाच पल्ला आहे.

मिठागर:

उरणचा आहे, म्हणून हानुबिओविषयी दोन ओळी लिहितो. 1730 च्या दशकातल्या लाव्हाने तिथला समुद्राचा आत शिरलेला भाग अडवला आणि खाजण तयार झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिठागरे बांधली गेली. वरच्या रस्त्यावरून वाफ्यांची जाळी पाहता येते. पाण्याच्या क्षारतेप्रमाणे प्रत्येक वाफ्याचा रंग बदलतो. मीठ पिकायला ऊन आणि वारा दोन्ही लागतात, तेव्हा ज्या वाऱ्याविषयी इथे इतकी चर्चा चालली आहे त्याचे मोल मिठागरवाल्याला विचारावे.

काळा कातळ:

मिठागर, ही चांगली भर घातलीत.

ज्यांना दख्खनशी थेट नाते असलेले बेट सायकलवर पाहायचे असेल त्यांनी हिंदी महासागरातले रेयुनियन ध्यानात ठेवावे. दख्खनचे लाव्हाप्रवाह ज्या उष्णस्थळाशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्ण खडक वर येतो त्या जागेशी, जोडले जातात, त्याच उष्णस्थळावर आज रेयुनियन आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. पूर्व किनाऱ्यावरचा रस्ता त्याच्या लाव्हाप्रवाहांवरून जातो. 2007 च्या एप्रिलमधल्या उद्रेकाने तो तोडला होता आणि थंड झालेल्या लाव्हावरून तो पुन्हा बांधला गेला. मात्र ते बेट खूप उंच आणि पावसाचे आहे. त्यासाठी वेगळा धागा लागेल.

सावकाश:

सर्वांचे आभार. याइसात मुक्काम, विजेच्या सायकली आणि एलझेड-56 ची छोटी फेरी असे आम्ही ठरवत आहोत. शेवटची शंका: सहारातली धूळ घेऊन वारा येतो असे वाचनात आले. तसे झाले तर काय करावे?

उत्तरवारा:

सावकाश काका, त्याला तिथे कालिमा म्हणतात आणि तो कुठल्याही ऋतूत येऊ शकतो, हिवाळ्यातही. क्षितिज आधी पिवळसर होते, मग डोंगर दिसेनासे होतात आणि हवा एकदम तापते. वारा ईशान्येऐवजी पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, म्हणजे चाकोरी यांची आणि माझी अशी दोन्ही गणिते त्या दिवशी चुकतात. ला हेरियातले गडगेही आग्नेयेच्या वाऱ्याला पुरता आडोसा देत नाहीत.

हलका कालिमा असेल तर फेरीचा नाद सोडून याइसा-एल गोल्फो एवढाच छोटा पल्ला करावा आणि धूळ वाढू लागताच परत फिरावे. दाट असेल तर सायकल बाहेर काढू नये. आपल्यापैकी कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हलक्या कालिमातही घरीच थांबलेले बरे. तो साधारण दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आधी किमान दोन दिवस मोकळे ठेवून फेरी ठरवा, आणि सायकली भाड्याने घेताना तारीख पुढे ढकलता येईल का हे दुकानात आधीच विचारून ठेवा.